हवेतली हिरवी रेघ: एका लेझर किरणाचा प्रकरण अभ्यास

नृत्यनाट्याचा शेवटचा प्रवेश. रंगमंचावर एकटी नर्तकी आणि तिच्या डोक्यावरून अंधार कापत गेलेली प्रकाशाची एक रेघ. दिग्दर्शिकेला एवढंच हवं होतं. चाळीस सेकंदांचा प्रसंग. प्रकाशयोजना माझ्याकडे होती, आणि त्या चाळीस सेकंदांनी माझ्या तालमीचे जवळजवळ सगळे दिवस खाल्ले. त्यात काय काय चुकलं, काय जमलं आणि का जमलं, ते इथे लिहून ठेवतो आहे. लेझरचा किरण देखणा कशामुळे होतो हा प्रश्न त्याआधी मी स्वतःला कधी नीट विचारलाच नव्हता.

सुरुवात एका फोटोपासून झाली. चिलीमधल्या पारानाल वेधशाळेतून आकाशात निघालेले नारिंगी किरण. दिग्दर्शिका म्हणाली, "मला ही शांतता हवी आहे. नाचणारे, लुकलुकणारे किरण नकोत." तिथे 2016 पासून एकाच दुर्बिणीवरून चार लेझर सोडतात, प्रत्येकी 22 वॉटचे, 589 नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे नारिंगी. जमिनीपासून साधारण 90 किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात ते कृत्रिम तारे उमटवतात. फोटोत ते सुतासारखे बारीक दिसतात, पण दुर्बिणीपाशी त्यातला एकेक किरण तब्बल 30 सेंटिमीटर रुंद असतो! शिवाय असे फोटो बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेले असतात. डोळ्याला तशी सोय नाही. या दोन गोष्टी मी पहिल्याच दिवशी मनावर घेतल्या असत्या तर पुढचा बराच त्रास वाचला असता. मी फक्त रंग आणि कोन पाहिला आणि कामाला लागलो.

पहिली तालीम

मशीन 3 वॉटचं होतं. लाल, हिरवा आणि निळा असे तीन डायोड, म्हणजे लेझर निर्माण करणारे छोटे घटक, तिन्ही मिळून पांढरा. ते आम्ही डाव्या विंगेत उंचावर बसवलं आणि किरण सरळ उजव्या विंगेत सोडला. मागे सायक्लोरामावर, म्हणजे रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यावर, गडद निळा, नर्तकीवर एक पिवळसर झोत, कोपऱ्यात फॉग मशीन.

किरण लागला आणि कोणी काही बोललंच नाही. रेघ होती, पण मरगळलेली. विंगेपाशी पांढरी आणि पलीकडे जाईपर्यंत एका कडेला लालसर, दुसऱ्या कडेला निळसर. धुराचा लोट आला की तेवढा तुकडा भगभगायचा, लोट गेला की मध्येच रेघ तुटायची. मी आठव्या रांगेत बसलो होतो. तिथून ती रेघ ताणलेल्या दोरीसारखी दिसत होती, आणि दोरीही मळकी.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात: मोठं मशीन मागवलं. 10 वॉटचं.

जास्त वॉट, कमी रेघ

दहा वॉट लावल्यावर सगळ्यात आधी उजळली ती समोरची विंग. किरण जिथे आदळत होता तिथे ठिपका इतका प्रखर होता की त्याच्या परावर्तित उजेडात विंगेचे पडदे, दोऱ्या, उभी असलेली माणसं, सगळं दिसायला लागलं. काळोख गेला आणि काळोखाबरोबर रेघही गेली. किरण खरंच जास्त तेजस्वी होता, पण त्याच्या मागची पार्श्वभूमीही तितकीच उजळली होती. डोळा तेज मोजत नाही, फरक मोजतो.

दुसरी गोष्ट मला वाचून माहीत होती, पण त्या दिवशी डोळ्यांनी पटली. अंधारात प्रकाश दुप्पट केला तर तो दुप्पट वाटत नाही. वाटणारी प्रखरता ढोबळमानाने प्रत्यक्ष प्रकाशाच्या घनमुळाच्या हिशेबाने वाढते. 3 वरून 10 वॉट म्हणजे ताकद सव्वातीन पटींहून जास्त, आणि डोळ्याला ती वाटणार जेमतेम दीडपट. त्या दीडपटीसाठी आम्ही अख्खा अंधार देऊन बसलो होतो.

तिसरं म्हणजे जाडी. जास्त ताकदीच्या मशीनमध्ये एका रंगासाठी अनेक डायोड एकत्र बांधलेले असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचा किरण गोल नसून पट्टीसारखा असतो. लेन्स लावून तो बराच सुधारता येतो, पण शेवटी जो जुळून येतो तो जाडसर, चौकोनी कडांचा झोत. हवेत प्रकाशाचे मोठे पंखे आणि बोगदे काढायचे असतील तर चालतो. एकाच स्थिर रेघेसाठी तो जड पडतो.

मोठं मशीन परत गेलं. दिग्दर्शिका वैतागली नाही, हे तिचं मोठेपण. ती म्हणाली, "तू मशीनकडे बघतोयस. जरा हवेकडे बघ."

हवा

किरण स्वतः दिसत नसतो. वाटेतल्या कणांवर आदळून जो थोडासा प्रकाश बाजूला फुटतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो, तेवढाच आपल्याला दिसतो. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडलने याचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून या विखुरण्याला त्याचं नाव आहे. म्हणजे प्रेक्षक किरण बघत नाहीत, किरणाने उजळलेली हवा बघतात. असं असेल तर हवा तयार करणं हे माझंच काम होतं, आणि ते मी कोपऱ्यातल्या फॉग मशीनवर सोपवून मोकळा झालो होतो.

सगळे दिवे घालवले, किरण मंद केला आणि त्याच्या बाजूला हातभर अंतरावर शिडीवर उभा राहिलो. फॉगमध्ये किरणाच्या आत वेटोळी दिसत होती. दुधात साय हलावी तशी धुराची वळणं किरणाच्या कापातून सरकत होती. जवळून विलक्षण सुंदर! आडव्या प्रकाशाचा पातळ पडदा पसरवून त्यावर ढग किंवा पाणी वाहताना दाखवायचं असेल तर हेच हवं. पण रेघेला ते मारक. मग खिडक्या उघडून धूर जाऊ दिला. आता किरण जवळजवळ नाहीसा, फक्त अधूनमधून एखादी ठिणगी: धुळीचा कण किरणात शिरतो, क्षणभर चमकतो, निघून जातो. शेवटी हेझर लावला. फॉग मशीन द्रव तापवून त्याची वाफ लोटाने फेकतं. हेझर खूप बारीक थेंब करतो आणि पंख्याने हळूहळू पसरवतो, आणि ते थेंब हवेत बराच वेळ तरंगत राहतात. वीसेक मिनिटांनी किरणाच्या आतली वेटोळी पुसली गेली आणि एकसंध, ताणलेला, काचेच्या कांबीसारखा प्रकाश तयार झाला.

प्रमाणाची गंमत मात्र नाजूक आहे. हेझ, म्हणजे हेझरचं हे विरळ धुकं, वाढवत नेला की रेघ उजळते, हे काही वेळ खरं. मग एक वेळ अशी येते की विखुरलेला प्रकाश पुन्हा दुसऱ्या थेंबांवर विखुरतो, रेघेभोवती धूसर प्रभा तयार होते आणि कडा मऊ पडतात. शिवाय उगमापाशीच इतका प्रकाश सांडतो की दुसऱ्या टोकाला काही उरत नाही. आम्ही हेझर प्रयोगाच्या चाळीस मिनिटं आधी अगदी मंद चालू करायचा आणि शेवटच्या प्रवेशाआधी बंद करायचा असं ठरवलं. वातानुकूलनाचा झोत हेझ एका बाजूला ओढत होता, म्हणून हेझरची जागा तीनदा बदलली. योग्य प्रमाण कोणतं? रिकाम्या रंगमंचावर साधा दिवा लावला तर हवेत काहीही आहे असं वाटू नये, आणि लेझर लावला की रेघ अखंड दिसावी. त्यापुढे एक फुंकरही नको.

आडवा नको, अंगावर येणारा हवा

सर्वात मोठा फरक पडला तो दिशेने. हेझचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात, आणि असे थेंब प्रकाश सगळीकडे सारखा फेकत नाहीत. बहुतेक प्रकाश किरणाच्या मूळ दिशेच्या आसपासच, पुढे फेकला जातो. काटकोनात फारच थोडा येतो. म्हणजे आमचा विंगेतून विंगेत जाणारा किरण आम्ही नेमका तिथून बघत होतो, जिथून तो सर्वात फिका दिसणार.

मशीन मागच्या पडद्यापाशी उंचावर नेलं आणि किरण प्रेक्षकांच्या डोक्यांवरून प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीकडे सोडला. तेच 3 वॉटचं मशीन, तीही ताकद अगदी खाली आणलेली, तरी रेघ पेटली! यात भूमितीचाही हात आहे. तिरप्या नजरेने पाहिलं की एकाच दृष्टिरेषेत किरणाचा लांब तुकडा येतो, जास्त उजळलेले थेंब एकावर एक दिसतात. आणि दृष्टिकोनही बदलला. आडवी रेघ चित्रासारखी समोर असते. डोक्यावरून जाणारी रेघ दूर बारीक, जवळ येताना रुंद होत जाते, आणि बसलेल्या माणसाला आपण तिच्या आत आहोत असं वाटतं. दिग्दर्शिकेला फोटोत जी शांतता दिसली होती ती बहुधा हीच होती. वर पाहायला लावणारी.

इथे सुरक्षेचा विचार बाजूला ठेवून पुढे जाताच येत नाही. किरण प्रेक्षकांच्या दिशेने म्हणजे डोळ्यांच्या दिशेने. 500 मिलिवॉटच्या वरचं लेझर चौथ्या, सर्वात धोक्याच्या वर्गात मोडतं. त्याचा क्षणभराचा थेट किरण डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो, आणि भिंतीवरचा प्रखर ठिपका जवळून बघणंही धोक्याचं असतं. प्रेक्षक जिथे उभे राहू शकतात त्या जमिनीपासून किमान 3 मीटर उंची मोकळी ठेवायची, हा अनेक ठिकाणी पाळला जाणारा दंडक आहे. आम्ही मागच्या चढत्या रांगांत माणूस उभा करून, हात वर करायला लावून, त्याच्याही वर भरपूर जागा राहील असं मोजलं. आरसे पक्के आवळले, मशीनला बाहेरून साखळी बांधली, तातडीने बंद करायचं बटण प्रेक्षागृहात माझ्या हाताशी घेतलं, आणि किरण चालू असताना वरच्या मार्गिकेत कोणीही जायचं नाही असं ठरवलं. दिग्दर्शिकेची एक इच्छा होती की नर्तकीने हात उंचावून रेघ तोडावी. ते मी स्पष्ट नाकारलं. हात खालीच थांबला, आणि आता वाटतं की न पोहोचणारा हातच बरा दिसला.

जाडी

आता रेघ उजळ होती, पण मागच्या भिंतीपाशी जाड. हिशेब सोपा आहे. मशीनची फाक, म्हणजे किरण पसरण्याचा कोन, 1 मिलिरेडियन, म्हणजे दर मीटरला 1 मिलिमीटर रुंदी वाढणार. मशीनपाशी 4 मिलिमीटरचा किरण 22 मीटरवर 26 मिलिमीटरचा. आमचा लेझर सांभाळणारा सहकारी म्हणाला, "बारीक हवा असेल तर सुरुवातीला जाड करावा लागेल." मला आधी ते उलटंच वाटलं. पण प्रकाशाचा धर्मच तो आहे: किरण उगमाशी जितका चिंचोळा, तितका तो पुढे पसरतो. पारानालचा 30 सेंटिमीटरचा किरण मला तेव्हा कुठे समजला.

मग त्याने तीन रंगांचं मशीन सोडून एकाच हिरव्या डायोडचं लहान लेझर आणलं, 520 नॅनोमीटरचं, सुमारे 60 मिलिवॉटचं. पुढे लेन्सची जोडी लावून किरण 6 मिलिमीटरचा केला आणि फाक 0.3 मिलिरेडियनवर आणली. आता 22 मीटरवर तो 13 मिलिमीटरच्याही आत राहिला. याहून बारीक करायचा मोह झाला होता. पण 15 मीटरवरून डोळ्याला 4 मिलिमीटर आणि 2 मिलिमीटर यांच्या जाडीतला फरक कळतच नाही, तिथे नजरेची मर्यादा येते.

आकड्यांकडे लक्ष गेलंच असेल. 10 वॉटवरून आम्ही 60 मिलिवॉटवर उतरलो होतो. रेघ त्याच तालमीत सगळ्यांना पहिल्यांदा "सुंदर" वाटली. अर्थात 60 मिलिवॉटही डोळ्याला घातकच, त्यामुळे वरचे सगळे नियम तसेच राहिले.

हिरवाच का

दिग्दर्शिकेला हिरवा नको होता. तिला तो फलकांचा, मिरवणारा रंग वाटायचा. म्हणून आम्ही एक संध्याकाळ फक्त रंग बघितले, एकेक डायोड वेगळा लावून.

450 नॅनोमीटरचा निळा किरण मोहक होता, पण धुकट. तो तसा दिसण्याची कारणं डोळ्यातच आहेत: डोळ्याचं भिंग निळा प्रकाश इतर रंगांबरोबर एकाच ठिकाणी केंद्रित करत नाही, आणि नजरेच्या ऐन मध्यभागी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. त्यामुळे निळी रेघ कधी धारदार होत नाही. शिवाय उजेडाला सरावलेला डोळा 520 च्या हिरव्याला 450 च्या निळ्यापेक्षा साधारण वीसपट संवेदनशील असतो. 638 चा लाल स्वच्छ होता, पण त्याला हिरव्याइतकं उजळ व्हायला जवळपास चौपट ताकद लागली असती. लाल-हिरवा मिसळून सोनेरी करून पाहिला. पहिले दहा मीटर अप्रतिम, आणि पुढे तोच जुना आजार: दोन किरण केसभर फाकले आणि सोन्याच्या दोन कडा वेगळ्या दिसू लागल्या. बावीस मीटरपर्यंत दोन किरण तंतोतंत एकावर एक ठेवणं, आणि तेही मशीन तापल्यावर, हे जिकिरीचं काम आहे.

हिरव्यावर शिक्कामोर्तब झालं ते एका योगायोगाने. आधीच्या प्रवेशात मंद लाल प्रकाश होता. तो संपून किरण लागला तेव्हा हिरवा वेगळाच दिसला, ओला, कोवळा. लाल बघून आलेल्या डोळ्याला हिरवा अधिक भरून दिसतो, हे त्यातलं एक. दुसरं असं की, अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना गडद लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून लाल उजेडात बसलेल्या माणसाचा डोळा अंधाराला सरावायला लागलेला असतो. आकाश बघणारे लोक लाल टॉर्च वापरतात ते यासाठीच. आणि या अंधारातल्या पेशी सर्वात संवेदनशील असतात त्या 507 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या किरणाच्या शेजारीच. दिग्दर्शिकेने लाल प्रवेश दीड मिनिटाने वाढवला. नृत्यासाठी नाही, डोळ्यांसाठी.

दोन टोकं

मागच्या भिंतीवर हिरवा ठिपका पडत होता. त्यात बारीक दाणे वळवळतात, ते लेझरचंच वैशिष्ट्य. मला दूरचं नीट दिसत नाही. चष्मा काढून मी मान डावीकडे हलवली की दाणे उजवीकडे पळायचे. त्यात मी बराच वेळ रमलो, हे कबूल. पण तो ठिपका रेघेचा वैरी होता. सगळ्यांच्या माना वळून त्याच्याकडे जायच्या, शिवाय त्याचा उजेड मागच्या रांगांवर पडायचा. तिथे आतून काळी केलेली खोल पेटी लावली, तिच्या तोंडातून किरण आत जाऊन विझायचा. उगमापाशी काचेवर धूळ होती, त्यामुळे तिथे हिरवी प्रभा पसरत होती. काच पुसली, पुढे काळी नळी बसवली. आता रेघेला ना सुरुवात दिसत होती, ना शेवट. याने जेवढं काम केलं तेवढं कोणत्याही वॉटने केलं नसतं.

राहिला प्रश्न रेघ उगवण्याचा. दिग्दर्शिकेला ती हळूहळू उमलायला हवी होती. लेझर डायोडला तसं जमत नाही. विद्युतप्रवाह एका उंबरठ्याच्या खाली असला की त्यातून लेझर निघतच नाही, आणि उंबरठा ओलांडला की किरण एकदम उडी मारून येतो. नुसत्या प्रवाहाने त्याला शून्यापासून अलगद वर आणणं अवघड. चार-पाच युक्त्या फसल्यावर सहकाऱ्याने विचारलं, "तो आधीपासूनच चालू ठेवला तर?"

आम्ही तेच केलं. लाल प्रवेशाच्या मध्यावर, नर्तकी गिरकी घेत असताना, दिवे भरात असताना, मी किरण चालू करतो. कोणाला कळत नाही. रंगमंचावरच्या लाल उजेडात आणि उजळलेल्या मागच्या पडद्यापुढे साठ मिलिवॉट बुडून जातात. मग साठ सेकंदांत लाल दिवे शून्यावर उतरतात. साधारण पस्तिसाव्या सेकंदाला कुठेतरी पुढच्या रांगेत कोणीतरी मान वर करतं. नेमकी कोणत्या क्षणी रेघ आली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ती आलेलीच असते.

दोन गोष्टी तशाच राहिल्या. बाहेर जायच्या दारांवरचे दिवे नियमाप्रमाणे चालूच ठेवावे लागतात, त्यामुळे पूर्ण काळोख कधीच मिळाला नाही. आणि पहिल्या दोन रांगांच्या डाव्या कोपऱ्यातून किरण फारच आडवा दिसतो, त्यामुळे तिथल्या सात-आठ खुर्च्यांना रेघ फिकी मिळते. मशीन थोडं सरकवून पाहिलं तर उजवा कोपरा बिघडला. शेवटच्या प्रयोगाला दिग्दर्शिका मुद्दाम त्या कोपऱ्यात जाऊन बसली. नंतर तिने एवढंच विचारलं, की हेझर आणखी थोडा लवकर बंद करता येईल का.